पिकोचा डीबगर करताना: फर्मवेअर बसलं की नाही, ते बोर्डालाच विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याकडे दोन रास्पबेरी पाय पिको, म्हणजे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आहेत. एकाचा डीबगर करून दुसऱ्यावरचा प्रोग्राम ओळीओळीने तपासायचा आहे. पिकोला डीबगर बनवणारं फर्मवेअर (बोर्डावर राहणारा प्रोग्राम) डीबगप्रोब प्रकल्पातून मिळतं. त्याच्या रिलीज पानावरची पहिली फाइल त्याने उतरवली, बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून बोर्ड जोडलं आणि फाइल ड्राइव्हवर टाकली. ड्राइव्ह क्षणात गायब झाला आणि 'डिस्क नीट काढली नाही' अशी सूचना आली. पुन्हा बूटसेल दाबून पाहिलं तर टाकलेली फाइल तिथे नाही. ओपनओसीडीला (संगणकावरून डीबगरशी बोलणारा प्रोग्राम) प्रोब, म्हणजे डीबगर केलेला पिको, सापडतो, पण टार्गेटशी, म्हणजे तपासायच्या पिकोशी, बोलणं होत नाही. 'फर्मवेअर बसलंय का? बोर्ड गेलं का? की सरळ एसटी-लिंक या तयार डीबगरचा क्लोन विकत घेऊ?'

बोर्ड गेलेलं नाही. फर्मवेअरही बसलंय. फक्त, तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की बसलंय ते दुसऱ्याच बोर्डासाठीचं. ते बदलायला एक मिनिट लागेल. पण नुसतं 'ती नको, ही फाइल टाका' सांगून मी थांबणार नाही, कारण पुढच्या वेळी अडचण वेगळी असेल आणि तेव्हाही तुम्ही असेच चाचपडाल. या कामात फाइल टाकणं हा सगळ्यात सोपा भाग. बोर्ड या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखता येणं महत्त्वाचं, आणि ते ओळखायच्या खुणा बोर्ड स्वतःच देत असतं.

आधी गायब झालेल्या ड्राइव्हबद्दल. पिकोवरच्या आरपी२०४० चिपमध्ये १६ किलोबाइटचा रॉम आहे. तो कारखान्यातच घडवलेला, कुणालाही न पुसता येणारा. तुमचा प्रोग्राम राहतो तो शेजारच्या वेगळ्या चिपमध्ये, २ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये. वीज आल्याबरोबर रॉम पहिल्यांदा बूटसेलचं बटण बघतो. हे बटण फ्लॅश चिपच्या निवड-पिनवर बसवलेलं आहे, ती खाली ओढलेली दिसली की रॉम फ्लॅशकडे जातच नाही, यूएसबीवर ड्राइव्ह बनून उभा राहतो. म्हणून बटण केबल लावायच्या आधीपासून दाबलेलं हवं. बोर्ड चालू झाल्यावर कितीही वेळ दाबून धरलंत तरी ड्राइव्ह येणार नाही. आणि रॉम पुसता येत नाही याचाच अर्थ असा की चुकीचं फर्मवेअर टाकून पिको कायमचा बंद पाडता येत नाही. भीती बाजूला ठेवून हवे तितके प्रयोग करा.

तो ड्राइव्हही खरी डिस्क नव्हे. फ्लॅश २ मेगाबाइटची असताना ड्राइव्ह १२८ मेगाबाइटचा दिसतो, कारण रॉम संगणकासमोर डिस्कचं सोंग घेऊन उभा असतो. आत दोनच फाइली दिसतात, एक वेब पानाची आणि एक माहितीची. तुम्ही टाकलेली यूएफ२ फाइल तिथे 'साठत' नाही. यूएफ२ हा प्रकार मायक्रोसॉफ्टने मेककोड या शिकाऊंसाठीच्या प्रोग्रामिंग साधनासाठी काढला आणि त्याची रचना मला आजही फार आवडते. अख्खी फाइल म्हणजे ५१२ बाइटचे सुटे तुकडे. प्रत्येक तुकड्यात सुरुवातीला खुणेचे आकडे, मग हा मजकूर फ्लॅशमध्ये कुठल्या पत्त्यावर जायचा तो पत्ता, एकूण तुकडे किती आणि हा कितवा ते, ही फाइल कुठल्या जातीच्या चिपसाठी आहे तो क्रमांक, आणि त्यानंतर २५६ बाइटचा खरा मजकूर. संगणकाने तुकडे उलटसुलट क्रमाने पाठवले तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक तुकडा आपला पत्ता सोबत घेऊन येतो. उतरवलेली फाइल खऱ्या प्रोग्रामच्या साधारण दुप्पट का, याचंही उत्तर यातच आहे.

शेवटचा तुकडा पोचला की रॉम बोर्ड स्वतःहून रीसेट करतो. ड्राइव्ह नाहीसा होतो आणि संगणकाला वाटतं, कुणीतरी पेनड्राइव्ह उपसून काढला. म्हणजे ती 'डिस्क नीट काढली नाही'ची सूचना ही तुमच्या फाइलची पोचपावती आहे. सगळे तुकडे मिळाल्याशिवाय रॉम रीसेट करतच नाही.

हेच उलटं वाचा. फाइल टाकली आणि ड्राइव्ह जागेवरच राहिला, तर रॉमने ती स्वीकारलेली नाही. दोन कारणं नेहमीची. पहिलं, फाइल दुसऱ्या जातीच्या चिपची आहे. पिको २ वर आरपी२३५० आहे आणि त्याचा जात-क्रमांक वेगळा. पहिल्या पिकोचा रॉम तसे तुकडे मुकाट्याने सोडून देतो, चूक दाखवत नाही. दुसरं कारण मला प्रशिक्षणात सतत दिसतं: गिटहबवर फाइलच्या नावावर उजवी कळ दाबून 'सेव्ह' केलेलं असतं आणि फाइलऐवजी ती दाखवणारं वेब पानच यूएफ२ या नावाने उतरलेलं असतं. शंका आली तर फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा. खऱ्या फाइलची पहिली तीन अक्षरं यू, एफ, २ हीच असतात. तिथे वेब पानाचा मजकूर दिसला तर विषय संपला.

मॅकवाल्यांसाठी एक जोड: २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीत फाइंडरमधून यूएफ२ ओढून टाकली की कॉपी मध्येच अडायची. तेव्हा टर्मिनलमधून, जादा गुणधर्म न नेता कॉपी करणं हा उपाय होता. जुन्या मॅकवर तीच आवृत्ती असेल तर ध्यानात ठेवा.

आता तुमच्या बोर्डाची सध्याची अवस्था. यूएसबीवर जोडलेलं प्रत्येक यंत्र संगणकाला दोन क्रमांक सांगतं, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. लिनक्सवर यूएसबीची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने, विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात आणि मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ते दिसतात. रास्पबेरी पायचा उत्पादक क्रमांक २ई८ए. त्याच्यापुढे ०००३ दिसलं तर बोर्ड बूटसेल अवस्थेत आहे, म्हणजे रॉम बोलतोय आणि तुमचं फर्मवेअर झोपलेलं आहे. ०००सी दिसलं तर डीबगप्रोब चालू आहे. ०००४ दिसलं तर जुनं पिकोप्रोब, म्हणजे डीबगप्रोबचा आधीचा अवतार, आहे, ज्याचा यूएसबीवरचा बोलण्याचा प्रकारच वेगळा होता. ०००५ म्हणजे मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांवर चालणारं पायथन), कुणीतरी आधी वापरलेलं बोर्ड तुमच्या हातात आलंय.

आणि काहीच दिसत नसेल तर आधी केबल बदला. हे सांगायला साधं वाटतं, पण पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मूठभर स्वस्त मायक्रो-यूएसबी केबली आणल्या की त्यांत नुसत्या चार्जिंगच्याही निघतात. त्यांत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डाला वीज मिळते आणि संगणकाला बोर्ड असल्याचा पत्ताही लागत नाही. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर घेता येतात, ती केबल या कामासाठी वेगळी काढून तिला चिकटपट्टी लावून ठेवा.

बोर्डावरच्या हिरव्या दिव्यावर मात्र विसंबू नका. पिको डब्ल्यूमध्ये तो दिवा मुख्य चिपला नव्हे, वायरलेस चिपला जोडलेला आहे. फर्मवेअर उत्तम चालू असूनही तिथे दिवा लागणार नाही.

तुमच्या बाबतीत ओपनओसीडीला प्रोब सापडतोय, म्हणजे क्रमांक ०००सी असणार. फर्मवेअर बसलंय आणि चाललंयही. आता मूळ गोष्टीकडे येतो.

डीबगप्रोबच्या रिलीज पानावर नावं जवळजवळ सारखी असलेल्या फाइली असतात. नुसतं 'डीबगप्रोब' नाव असलेली फाइल ही रास्पबेरी पायच्या तयार डीबग प्रोबसाठी आहे. ही २०२३ च्या फेब्रुवारीत १२ डॉलरला आलेली, पारदर्शक डबीतली छोटी वस्तू. 'ऑन पिको' असं शेपूट असलेली फाइल साध्या पिकोसाठी, आणि 'ऑन पिको २' असलेली पिको २ साठी. तयार प्रोबमध्येही आरपी२०४० च आहे. म्हणून त्याची फाइल पिकोवर टाकली तरी रॉम आनंदाने घेतो, क्रमांक ०००सीच येतो, सिरीयल पोर्टही उगवतो. सगळं बरोबर दिसतं. पण त्या फाइलीत डीबगच्या तारा वेगळ्या पिनांवर आहेत. तुम्ही जोडणीच्या आकृतीप्रमाणे जीपी२ आणि जीपी३ या पिनांना तारा जोडून बसलाय आणि फर्मवेअर भलत्याच पिना हलवतंय. टार्गेटपर्यंत काहीच पोचत नाही.

हे कसं पकडायचं? क्रमांकाच्या शेजारी यंत्राचं नावही असतं, ते वाचा. अलीकडच्या आवृत्त्यांत 'डीबगप्रोब ऑन पिको' असं नाव आलं तर फाइल बरोबर. नुसतं 'डीबग प्रोब' आलं तर ती तयार प्रोबची. पिकोटूल हे रास्पबेरी पायचं साधन तुमच्याकडे असेल तर बोर्ड बूटसेलमध्ये नेऊन त्याला माहिती विचारा. फ्लॅशमधल्या प्रोग्रामने आपलं नाव आणि आवृत्ती नोंदवून ठेवली असेल तर ते वाचून दाखवतं. कुणी उसनं दिलेलं बोर्ड हातात आलं की मी आधी हेच करतो.

फर्मवेअर स्वतः बांधणाऱ्यांनाही, म्हणजे मूळ कोडपासून कंपाइल करणाऱ्यांनाही, हीच अडचण येते. सीमेक या बांधणीच्या साधनाला 'डीबग ऑन पिको' हा पर्याय चालू करून दिला नाही तर बांधलं जातं ते तयार प्रोबचं रूप. आणि गिटचे सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रकल्प) आणायचे राहिले तर बांधणीच अडते, कारण आत फ्रीआरटॉस (छोट्या चिपांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि आर्मचा सीएमसिस-डॅप (संगणक आणि प्रोब यांनी एकमेकांशी कसं बोलायचं तो करार) हे दोन्ही सबमॉड्यूल म्हणून येतात. काही बदल करायचा नसेल तर तयार फाइलच घ्या, स्वतः बांधण्यात वेगळा फायदा नाही.

तर आता कृती: बूटसेल दाबून धरा, केबल लावा, ड्राइव्ह आला की बटण सोडा, 'ऑन पिको'ची फाइल टाका, ड्राइव्ह गेला की नाव तपासा. आधीचं पुसायची गरज नाही. नवीन फाइल आपल्यापुरती जागा स्वतः पुसून घेते. अख्खी फ्लॅश कोरी करणारी 'न्यूक' फाइल मिळते, पण ती मायक्रोपायथनची जुनी फाइल-सिस्टिम अंगावर आली तरच वापरावी. प्रत्येक अडचणीत आधी न्यूक टाकायची सवय लावून घेऊ नका. त्याने कारण कळत नाही, फक्त पुरावा पुसला जातो.

तारांकडे वळू. प्रोबच्या पिकोला मी 'अ' म्हणतो, टार्गेटला 'ब'. अ ची पिन ३ म्हणजे ग्राउंड. ही तार पहिली लावा आणि शेवटी काढा. पिन ४ म्हणजे जीपी२, ही ब च्या एसडब्ल्यूक्लॉकला (डीबगचं क्लॉक). पिन ५ म्हणजे जीपी३, ही ब च्या एसडब्ल्यूडीआयओला (डीबगचा डेटा). पिन ६, जीपी४, ही अ ची सिरीयल बाहेर जाणारी, म्हणून ब च्या जीपी१ ला, जिथे सिरीयल आत येते. पिन ७, जीपी५, ही ब च्या जीपी० ला. सिरीयलच्या तारा उलटसुलट जातात, डीबगच्या सरळ.

ब वरची डीबगची तीन टोकं साध्या पिकोवर यूएसबीच्या विरुद्ध कडेला आहेत, मधलं टोक ग्राउंडचं. पिको डब्ल्यूवर त्या कडेला अँटेना असल्यामुळे ती बोर्डाच्या मध्यावर, चिपजवळ सरकली आहेत. नाव 'एच' ने संपणाऱ्या बोर्डांवर तिथे तीन पिनांचं बारीक कनेक्टर असतं. साध्या पिकोवर तिथे पिना सोल्डर कराव्याच लागतात. भोकात नुसती जंपर वायर खोचून, बोटाने दाबून काम काढायचा मोह होतो, तो टाळा. अशा जोडणीत एकदा जोडलं जातं, पुढच्या वेळी नाही, आणि तुम्ही दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसता. दहा मिनिटं सोल्डरिंगला द्या.

विजेचं: ब ला स्वतःची यूएसबी केबल असेल तर दोन्ही बोर्डांच्या व्हीसिस पिना (वीज आत घेणारी पिन ३९) जोडू नका, ग्राउंड तेवढा सामाईक ठेवा. ब ला वेगळी वीज नसेल तर अ ची पिन ३९ ब च्या ३९ ला जोडा, म्हणजे एकाच केबलवर दोन्ही चालतील.

मग ओपनओसीडी. त्याचे निरोप नीट वाचले तर कुठल्या टप्प्यावर अडलंय ते तेच सांगतात, पण बहुतेक जण लाल ओळ दिसली की वाचणं थांबवतात. 'जुळणारं सीएमसिस-डॅप यंत्र सापडलं नाही' असा निरोप आला तर अडचण संगणक आणि अ यांच्यामधली. ब च्या तारांना हात लावू नका, त्यांचा यात संबंध नाही. लिनक्सवर यादीत ०००सी दिसत असूनही हा निरोप आला किंवा परवानगी नाकारल्याचं आलं, तर यूडेव्हचा (यंत्रांना परवानगी देणारी लिनक्सची व्यवस्था) नियम बसवायचा राहिलाय. ओपनओसीडीसोबत तो नियम येतो, तो जागेवर ठेवून बोर्ड काढून पुन्हा लावा. दर वेळी सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून चालवणं हा उपाय नव्हे, कारण उद्या एडिटरमधून डीबग करायला गेलात की तिथे सुडो नसतो. विंडोज १० आणि पुढे सध्याचं फर्मवेअर ड्रायव्हर आपोआप मिळवतं. झॅडिग नावाच्या साधनाने ड्रायव्हर बदला, असं सांगणारे जुने व्हिडिओ पिकोप्रोबच्या काळातले आहेत. ते बघून कुणी झॅडिग चालवलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढून टाका आणि बोर्ड पुन्हा जोडा.

'आरपी२०४० ची टार्गेट फाइल सापडली नाही' असं आलं तर ओपनओसीडीच जुनं आहे. उबुंटू २२.०४ मध्ये पॅकेजमधून ०.११ मिळतं आणि त्याला आरपी२०४० माहीत नाही. आधार आला तो ०.१२ मध्ये, २०२३ च्या सुरुवातीला. कुठून तरी ती एक टार्गेट फाइल शोधून जुन्या ओपनओसीडीत टाकण्याचे सल्ले मिळतील. त्याने भागत नाही. आरपी२०४० मधले दोन्ही कोअर एकाच जोडीच्या तारांवर बसलेले आहेत, कुणाशी बोलायचं ते आधी नावाने सांगावं लागतं. याला मल्टिड्रॉप म्हणतात आणि तो आधार मुळात प्रोग्राममध्ये असावा लागतो.

आणि 'मल्टिड्रॉप जोडणी होऊ शकली नाही' असा निरोप आला, जो तुम्हाला येत असणार, तर प्रोब ठीक आहे आणि ब कडून उत्तर येत नाहीये. फर्मवेअरची फाइल बरोबर असल्याची खात्री झाली असेल तर आता तारा तपासा, आणि याच क्रमाने: ग्राउंड, मग ब ला खरोखर वीज आहे का (ब ची पिन ३६ आणि ग्राउंड यांच्यात मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट दिसले पाहिजेत), मग क्लॉक आणि डेटा यांची अदलाबदल. तरीही नाही जमलं तर वेग कमी करा. मार्गदर्शिकांतल्या आज्ञांमध्ये सहसा ५००० किलोहर्ट्झ लिहिलेला असतो. ब्रेडबोर्ड आणि वीस सेंटिमीटरच्या लोंबत्या तारांवर तो टिकेलच असं नाही. १००० वर आणून बघा. त्यावर चाललं तर तारा आखूड करा आणि मग वेग वाढवा.

सगळं जुळलं की पडद्यावर डीपीआयडीआर नावाची ओळ येते आणि पुढे ०बीसी१२४७७ हा आकडा. तो आरपी२०४० च्या आतून आलेला आहे. तो दिसला की प्रोबचं फर्मवेअर, तारा, वीज, ड्रायव्हर, सगळं एका फटक्यात सिद्ध झालं. त्यानंतर जे काही बिघडेल ते तुमच्या प्रोग्रामचं. खाली चार ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या जागा) आणि दोन वॉचपॉइंट (मेमरीतल्या ज्या पत्त्यांवर नजर ठेवायची ते) असल्याचंही लिहून येतं. तो चारचा आकडा लक्षात ठेवा. प्रोग्राम फ्लॅशमधून चालतो, त्यामुळे तिथे हेच चार हार्डवेअर ब्रेकपॉइंट उपयोगी पडतात. पाचवा लावलात की जीडीबी (ओपनओसीडीमार्फत प्रोग्राम तपासायचं साधन) कुरकुर करेल, ते फर्मवेअरचं दुखणं नव्हे.

इतका खटाटोप कशासाठी, तेही एकदा बघून घ्या, कारण बरेच जण डीबगर जुळवतात आणि नंतर पुन्हा प्रिंटएफच टाकत बसतात. समजा सेन्सरकडून बाइटांची एक पट्टी आलीय आणि तिच्यातल्या तिसऱ्या बाइटापासून ३२ बिटांचा आकडा वाचायला तुम्ही पॉइंटर सरळ कास्ट केला. लॅपटॉपवर ते चालतं, कॉर्टेक्स-एम४ वरही बहुधा चालून जातं. आरपी२०४० मधला कॉर्टेक्स-एम० प्लस चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून ३२ बिट एकदम उचलत नाही, तो थेट हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीच्या अवस्थेत, जातो. बाहेरून काय दिसतं? बोर्ड 'हँग' झालं. प्रिंटएफची शेवटची ओळ कधी बफरमध्येच अडकलेली, त्यामुळे ती भलत्याच ठिकाणी बोट दाखवते.

डीबगर असेल तर प्रोग्राम थांबवा. हार्डफॉल्टमध्ये शिरताना कोअरने आठ रजिस्टरं स्टॅकवर ढकललेली असतात: आर० ते आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी आणि शेवटी स्थिती-रजिस्टर. हँडलरच्या (हार्डफॉल्ट झाला की चालणाऱ्या फंक्शनच्या) अगदी तोंडाशी ब्रेकपॉइंट लावला असेल तर स्टॅक पॉइंटरपासून आठ शब्द छापून बघा. सातवा शब्द म्हणजे पीसी, म्हणजे नेमकी कुठल्या सूचनेवर कोअर कोसळला तो पत्ता. त्या पत्त्यावर कुठली ओळ आहे हे जीडीबीला विचारा, तो फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक सांगेल. तिथेच आर० ते आर३ मध्ये बहुधा चारच्या पटीत नसलेला पत्ता पडलेला दिसेल. (फ्रीआरटॉस वापरत असाल तर आधी कोअरमधला सध्याचा एलआर बघा, स्टॅकवरचा नव्हे. त्याच्या शेवटी 'डी' असेल तर त्या टास्कचा स्टॅक वेगळा आहे आणि आठ शब्द तिथे शोधायचे.) अंदाजाने संध्याकाळ घालवण्याऐवजी दोन मिनिटांत ओळ हातात येते. मला हे काम इतक्या वर्षांनीही आवडतं ते याच क्षणासाठी, आणि विद्यार्थ्यांनी हे पहिल्याच वर्षी बघावं असं मला फार मनापासून वाटतं.

आता एसटी-लिंक क्लोनचा प्रश्न. फक्त एसटीएम३२ चिपांवरच काम करायचं असेल तर तो स्वस्त आणि सुटसुटीत आहे, घ्यायला हरकत नाही. घेतलात तर पिनांची नावं डबीवर छापलेली असतात त्यावर जाऊ नका, आतल्या बोर्डावर बघा. एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांमध्ये पिनांचा क्रम वेगवेगळा निघतो. पण तुमच्याकडे दुसरा पिको आधीच आहे. सीएमसिस-डॅप हा आर्मचा खुला करार आहे, तो एका कंपनीच्या चिपपुरता नाही. हाच पिको उद्या ब्लू पिल बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ ला लावता येईल, परवा नॉर्डिकच्या एनआरएफ५२ ला. ओपनओसीडीत फक्त टार्गेटची फाइल बदलायची. ओपनओसीडीऐवजी पायओसीडी चालतं, रस्टवाल्यांचं प्रोब-आरएसही चालतं. ४ डॉलरच्या बोर्डाकडून याहून जास्त मागू नये. ओपनओसीडीच नको असेल तर ब्लॅक मॅजिक प्रोबचा मार्ग आहे. त्यात जीडीबी सर्व्हर प्रोबच्या आतच असतो. तो वेगळा आणि चांगला मार्ग आहे, पण सुरुवात असलेल्या वस्तूंनी करा.

दुसऱ्या चिपांना लावताना दोन गोष्टी सांभाळा. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. १.८ व्होल्टच्या टार्गेटला ती तार सरळ लावलीत तर टार्गेटची पिन जाऊ शकते. ५ व्होल्ट उलट दिशेने आले तर पिको जाऊ शकतो. अशा ठिकाणी मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवून देणारं सर्किट) हवाच. दुसरं, सगळं बरोबर असूनही काही चिपा उत्तर देत नाहीत. एसटीएम३२ वर चालू प्रोग्रामने डीबगच्याच पिना साध्या पिना म्हणून वापरायला घेतल्या असतील, तर रीसेट दाबून धरून जोडणी करावी लागते. त्यासाठी टार्गेटच्या रीसेटलाही एक तार काढून ठेवा. एनआरएफ५२ वर कुणी संरक्षण-कुलूप लावलं असेल, तर पूर्ण पुसल्याशिवाय ते उघडत नाही आणि आतला प्रोग्रामही त्यासोबत जातो. एसटीएम३२ चं वाचन-संरक्षण पहिल्या पातळीवर काढता येतं, तेही सगळं पुसूनच. म्हणून कंपनीतून किंवा सिनियरकडून आलेल्या बोर्डावर 'अनलॉक' दाबण्याआधी मूळ फाइल कुणाकडे तरी आहे ना, हे विचारून घ्या.

'ऑन पिको'ची फाइल टाकून झाल्यावरही ०बीसी१२४७७ आला नाही, तर तीन गोष्टी लिहून पाठवा: यूएसबी यादीतली बोर्डाची पूर्ण ओळ नावासकट, ओपनओसीडीची आवृत्ती आणि त्याचा पहिल्या ओळीपासूनचा सगळा निरोप, आणि दोन्ही बोर्डांचा वरून काढलेला फोटो, ज्यात प्रत्येक तारेची दोन्ही टोकं दिसतील.